सोमवारचं मंत्रालय

हर्गेसा
२ एप्रिल २०१३

प्रिय मास्तर,

अस्सलाम अलैकुम.

मी बरी आहे. घर बरं आहे. इफ्राह बुराओत सुखात आहे. तिच्या पोरीला दात येताहेत, त्यामुळे ती दिसेल त्याला चावते. परवा तुझ्या भावाच्या अंगठ्याला कडकडून चावली. तो म्हणाला, "ही नक्की आपल्या दीरिये मास्तराची नात. धरलं की सोडायचं नाव नाही." ढग रोज येतात आणि बर्बेराच्या बाजूला निघून जातात. बोकडाचं मटण महाग झालंय. एरवी एवढ्यावर माझं पत्र संपतं, पण आज अजून सुरूच झालेलं नाही.

तू म्हणशील, दर शुक्रवारी फोनवर बोलतो, मग पत्र कशाला? फोनवर तू बोलतोस, मास्तर. मी ऐकते. कुठल्या कचेरीत गेलास, कुठल्या सचिवानं हात मिळवला, कोण हसलं आणि कोण नुसतीच मान डोलावून गेलं. माझी पाळी येईपर्यंत तुझं कार्ड संपतं. शिवाय काही गोष्टी अशा असतात, की समोरून तुझा आवाज आला तर माझ्या तोंडून निघत नाहीत.

हे पत्र जामाच्या जावयाच्या हाती देतेय. तो दुकानाचा माल आणायला तिकडून पुढं जाणार आहे. आपल्या देशाला जग देश मानत नाही, त्याचं टपालही घेत नाही, त्यामुळे पत्र खिशातूनच जायचं. वाटेत उघडू नकोस, असं त्याला बजावलंय. तुलाही सांगते, त्याच्यासमोर उघडू नकोस. त्याला चहा पाज, पाठव, आणि मग उघड.

तू राहतोस त्या देशाचं नाव मी नेहमीप्रमाणे लिहीत नाही. तूच बजावलंयस, बोलणी नाजूक आहेत, नाव फुटायला नको. इतकी वर्षं नाजूक राहिलेली बोलणी मी दुसरी पाहिली नाहीत, पण नाही लिहीत.

सोन्याच्या बाजारात सगळ्याजणी तुझी चौकशी करतात. शेजारची तर रोज म्हणते, "काय गं राजदूतीणबाई, तुझ्या छत्रीवर झेंडा कधी लावणार?" मी म्हणते, "तुझा नवरा दुपारभर खातचा नशेचा पाला चघळत लोळतो, माझा निदान उभा तरी असतो." सगळ्या हसतात. मीही हसते. बाजारात हसल्याशिवाय एक बांगडी विकली जात नाही.

घराबद्दल सांगायचं राहिलं. तू स्वातंत्र्याच्या मतदानाला आला होतास तेव्हा दोन खोल्या होत्या आणि वर पत्रा. आता पत्र्याच्या जागी स्लॅब आहे आणि वर एक खोली चढवलीय. खिडकी डोंगराच्या बाजूला काढली. गवंडी म्हणत होता रस्त्याच्या बाजूला काढा, वारा चांगला येईल. मी ऐकलं नाही. दुपारी बाजारातून आले की त्या खिडकीशी बसून शिवते. फार छान वाटतं.

बघ, उगाच खिडकीबद्दल लिहीत बसले. मला जामाबद्दल लिहायचं होतं.

जामा गेला, मास्तर. मार्चमध्ये, जुम्म्याच्या नमाजाला निघाला होता. उंबऱ्यात चप्पल घालायला वाकला, आणि त्याच्या बायकोला, हवोला, वाटलं चप्पल सापडत नाहीये. ती आतून म्हणाली, "दाराच्या मागं आहे." तो काहीच बोलला नाही. माणसं खूप आली होती. तुझा भाऊ खांदा द्यायला होता, तुझ्या वतीनंही त्यानंच दिला. त्यानंतरच्या प्रत्येक शुक्रवारी तू मला विचारलंस, जामा फोन का उचलत नाही? आणि मी म्हणाले, दौऱ्यावर असेल. जामा आणि दौरा! बर्बेराच्या पुढं कधी गेला नाही बिचारा.

तुझ्या मनात आत्ता काय आलं असेल तेही मला ठाऊक आहे. मंत्रालयानं शोकसंदेश काढला का, सचिव गेला म्हणून कचेरी बंद ठेवली का. नाही ठेवली. कारण जामा मंत्रालयात नव्हताच. निवृत्त होऊन त्याला तीन वर्षं होत आली होती.

आता खाली बस आणि पुढचं वाच.

तू दर सोमवारी सकाळी जो फोन करायचास, तो जामाच्या खिशातला फोन होता. नंबर तोच, पण तो वाजायचा गुरांच्या बाजारासमोरच्या चहाच्या टपरीत. जामा तिथं सकाळपासून येऊन बसायचा. तुझा फोन आला की उठून उभा राहायचा. कोटाची बटणं लावायचा. चहावाली सगळ्यांना ओरडायची, "गप्प बसा रे, मंत्रालय सुरू झालं!" आणि खरंच सगळे गप्प बसायचे. दलाल, उंटवाले, सगळे. जामा म्हणायचा, "हो, प्रतिनिधीसाहेब. लिहून घेतो. मंत्रिमहोदयांच्या कानावर घालतो." फोन ठेवला की बटणं काढायचा आणि मग माझ्याकडे यायचा, तू काय काय बोललास ते सांगायला. मी त्याला लाहोहची धिरडी आणि तूप द्यायचे. तुझा अहवाल ऐकत तो खायचा. म्हणजे तुझा अहवाल तोच सांगायचा, आणि खायचाही तोच.

हे का, ते सांगते. मंत्रालयात फेरबदल झाले तेव्हा एक तरुण अधिकारी आपल्या घरी आला होता. चांगल्या घरचा, चप्पल बाहेर काढून आत आला. म्हणाला, "आत्या, बाहेरच्या कामाची नव्यानं आखणी झालीय. मास्तरांनी देशासाठी खूप केलं. आता त्यांना सन्मानानं परत बोलवायचंय. फोन मी करू, की घरातून कळलं तर बरं?"

मी म्हणाले, "मी सांगते."

"नक्की ना, आत्या?"

"माझा नवरा आहे. मी सांगते."

त्याचा यात काही दोष नाही. मी सांगते म्हटलं आणि सांगितलं नाही. आणि तुझा पगार थांबला असता तर तुला कळलं असतं, पण तो तूच कधी घेतला नाहीस. देश गरीब आहे, मी शिकवण्या करून भागवीन, असं छातीठोकपणे लिहून दिलं होतंस. त्यामुळे थांबायला काही नव्हतंच.

मी जामाला विचारलं, कसं सांगू? तो म्हणाला, "किन्सी, दोन महिने थांब. तिकडच्या मंत्र्यांची भेट ठरतेय. एकदा भेटू दे त्याला. मग सांगू. भेट घेऊन परतलेला माणूस मान वर करून परततो." मला पटलं. भेट पुढं गेली. तिकडं निवडणुका आल्या. मग मंत्रीच बदलला. मग नव्या मंत्र्यांकडे पुन्हा पहिल्यापासून. एक दिवस जामाच म्हणाला, "आता पुरे, सांगून टाकू या." तेव्हा मी म्हणाले, "अजून नको."

हे वाक्य लिहून मी उठले होते. भांडी घासून आले.

जामाचं कारण खरं होतं. माझं नव्हतं. तो पोरगा आपल्या बैठकीत बसून "परत बोलवायचंय" म्हणाला, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता ना? मला पहिल्यांदा आठवलं, की वरच्या खोलीत मी शिवणयंत्र ठेवायचं ठरवलंय. ते आता कुठं ठेवायचं? मास्तर, मला तू परत यायला नको होतास.

म्हणजे तू नको होतास असं नाही. तुझी वाट बघणारी एक किन्सी होती. पहिली काही वर्षं मी दोन कप चहा करायचे आणि एक ओतून द्यायचे. मग ती किन्सी केव्हा उठून गेली, मलाही सांगून गेली नाही. इफ्राहच्या लग्नात तुझा भाऊ तुझ्या जागी वाली म्हणून बसला, तू फोनवरून होकार दिलास, सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आता ही रडेल म्हणून. मला रडू आलं नाही. मटण सगळ्यांना पुरेल का, एवढंच डोक्यात होतं. आता मी पलंगावर मधोमध झोपते. दाराची कडी माझ्या मनाला येईल तेव्हा लावते. तू आलास तर तुला कुठं बसवू, तुझ्याशी काय बोलू, हेच मला सुचेना. आणि राग. तो वेगळाच. तो समोर बसलेल्या माणसावर काढावा लागेल, याची भीती वाटली.

तुझं काम मला पोकळ वाटतं असं मात्र समजू नकोस. निर्वासितांच्या कॅम्पातून चालत परत आलो तेव्हा या गावातल्या एकाही घराला छप्पर नव्हतं. आपलेच म्हणवणारे मोगादिशूवाले आपल्याच विमानतळावरून उडाले आणि आपल्यावर बॉम्ब टाकून पुन्हा तिथंच उतरले. माझे दोन्ही भाऊ त्यात गेले. देश मलाही हवा आहे, मास्तर. मतदानाच्या रांगेत तुझ्यामागं उभी होते, तू बोटाची शाई पोरासारखी सगळ्यांना दाखवत होतास, त्या दिवसाइतकी सुखी मी पुन्हा झाले नाही. पण तो देश मिळवायला तुलाच जायला हवं होतं का, आणि इतकं लांब, इतकी वर्षं, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तू थांबला असतास की नाही, देव जाणे. पण मी विचारलं असतं, तर निदान विचारलं तरी असतं.

जामाच्या नंतरच्या पहिल्या सोमवारी हवो आपल्या दारात आली. सुतकातली बाई, पांढऱ्या कपड्यांत, हातात जामाचा फोन, आणि तो वाजतोय. "किन्सी," म्हणाली, "हा तुझा नवरा. काय सांगू मी त्याला?" तिनं फोन माझ्यापुढं धरला. मी हात पुढं केला नाही. आम्ही दोघी उभ्या राहून तो थांबेपर्यंत बघत राहिलो. लगेच पुन्हा वाजला. पुन्हा बघत राहिलो.

तेव्हा ठरवलं की लिहायचं.

आता तू काय कर, हे मी सांगत नाही. ये म्हणावं तर ते खरं वाटणार नाही तुला, आणि येऊ नकोस असं तर मी मुळीच म्हणत नाही. माझं मला अजून कळायचंय. तुला कळावं म्हणून लिहिलं, एवढंच. सोमवारी फोन करू नकोस. हवो घाबरते.

रागानं नाही लिहिलं. थोडंसं रागानंच लिहिलं.

इफ्राहची आई आणि अजून तरी तुझीच,
किन्सी

———

१९ मे २०१३

प्रिय किन्सी,

वालैकुम अस्सलाम.

पत्र पोचलं. तू सांगितलंस तसं जामाच्या जावयाला चहा पाजून पाठवला आणि मग उघडलं. त्याच्या तोंडून जामाची बातमी आधीच कळली होती. तो बिचारा समजत होता, मला माहीत आहे. मी माहीत असल्यासारखी मान हलवली. हे मात्र मला चांगलं जमतं.

उत्तराला उशीर झाला. रोज लिहायला बसायचो आणि "आपल्या पत्राच्या अनुषंगाने" असं लिहून थांबायचो. बायकोला साधं पत्र कसं लिहितात, हे विसरलोय. चुकलं तर समजून घे.

किन्सी, मला माहीत होतं.

लगेच नाही कळलं. पहिलं वर्षभर काही वाटलं नाही. मग एका सोमवारी जामा म्हणाला, "मंत्रिमहोदय बैठकीत आहेत," आणि त्याच्या मागं एक शेळी ओरडली. मी मनात म्हटलं, रस्त्यावरची असेल. पुढच्या सोमवारी दोन ओरडल्या. मग एक माणूस म्हणाला, "याचे दात बघ, हा बोकड म्हातारा आहे," आणि जामानं घाईघाईनं फोनवर हात ठेवला. मंत्रालयात बोकडाचे दात बघत नाहीत, एवढं मला राजनैतिक अनुभवावरून ठाऊक आहे. इथल्या एका दुकानदाराकडे आपल्याकडून पाहुणा आला होता, त्याला सहज विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. फेरबदल, नवी माणसं, जामाची निवृत्ती. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं मी जामाला फसवत होतो आणि जामा मला. तू त्यात होतीस हे मात्र मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुला बिचारीला काहीच कल्पना नाही, आणि मी तुझ्यापासून लपवतोय.

मग फोन का करत राहिलो? थांबवला असता तर जामाला कळलं असतं की मला कळलंय. इतका सभ्य माणूस, लाजेनं मेला असता. हे एक. आणि दुसरं असं, की मग मला घरी यावं लागलं असतं. तुला मी नको होतो, हे वाचून लागलं. पण त्याच वेळी हसूही आलं, कारण मलाही मी घरी यायला नको होतो. काय घेऊन येणार होतो? सगळ्या गल्लीसमोर मी म्हणून गेलो होतो, आपल्या देशाला मान्यता घेऊनच परतेन. आपल्या लग्नात तुझ्या वडिलांनी मला विचारलं होतं, "मास्तर, तू शब्दाचा पक्का ना?" त्या पक्केपणाची किंमत तू भरलीस. हे मला इथं बसून दिसत नव्हतं असं नाही. दिसायचं. मी दुसरीकडे बघायचो.

आता तुला तो अहवाल देतो, जो द्यायला माणूसच उरला नाही.

ज्या सोमवारी हवोच्या हातात फोन वाजत होता, त्या सोमवारी सकाळी माझी भेट झाली. तीच भेट. मी मंत्र्यांच्या दारातून बाहेर पडून, पायऱ्या उतरून, थेट जामाला फोन लावला होता. तो उचलेना. पुन्हा लावला. शुक्रवारी तुला सांगायला हवं होतं, पण आधी मंत्रालयाला आणि मग घरी, हा नियम मी कधी मोडला नव्हता. तो नियम कुणी केला होता, तर मीच.

मंत्री म्हणजे एक वयस्क बाई. केस पिकलेले, चष्मा दोरीला अडकवलेला. मी सूट घातला होता, मुरसलनं इस्त्री करून दिलेला. मुरसल म्हणजे माझा घरमालक. त्याच्याच किराणा दुकानाच्या मागं माझी खोली आहे. तो मोगादिशूचा. तुला आजवर सांगितलं नाही, कारण तुझे भाऊ. रोज संध्याकाळी आम्ही भांडतो. तो म्हणतो, "राजदूतसाहेब, तुमच्या देशातली साखर संपलेली दिसते, माझ्या देशातली देऊ का उसनी?" मी म्हणतो, "तुझ्या देशातली साखर नको, तिच्यात वाळू असते." माणूस म्हणून सोन्यासारखा आहे. मला ताप आला की हाच उशाशी.

तर बाईंनी मला बसवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मास्तर होतात म्हणे. मग भाषण नको. वर्गात सांगता तसं सांगा."

मी सांगितलं. साठ साली आपण स्वतंत्र झालो तेव्हा मी सात वर्षांचा होतो, शाळेत मिठाई वाटली होती. पाच दिवस आपला देश होता आणि जगातल्या कितीतरी देशांनी त्याला देश म्हटलं होतं. मग आपणच आपल्या पायांनी चालत जाऊन दक्षिणेशी, म्हणजे मोगादिशूशी, एक झालो, भावकी म्हणून. त्या भावकीनं काय केलं तेही सांगितलं. तुझ्या भावांची नावं घेतली. मग म्हटलं, "आम्ही नवं काही मागत नाही. लग्न टिकलं नाही म्हणून मुलगी माहेरी परत आलीय. तिला आत घ्या, एवढंच." बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मास्तर, तुमचं सगळं खरं आहे. पण आमचा देश लहान. पहिलं व्हायला आम्हाला झेपणार नाही. कुणीतरी पहिलं होऊ दे, दुसऱ्या दिवशी आम्ही आहोतच."

किन्सी, मी इतक्या वर्षांत जिथं जिथं गेलो, तिथं हेच ऐकलं. दुसरं व्हायला सगळे तयार आहेत. पण या बाईंनी ते डोळ्यांत बघून सांगितलं, म्हणून मला राहवलं नाही. उठता उठता म्हणालो, "बाई, एक सांगायचं राहिलं. मी आता कुणाचाच प्रतिनिधी नाही. मला परत बोलावून फार दिवस झाले."

त्यांनी चष्मा काढला. "मग आलात कशाला?"

"भेटीची वेळ मागितली होती, तेव्हा होतो."

त्या हसल्या नाहीत. उठून दारापर्यंत आल्या. शिपायाला बाजूला सारून दार त्यांनीच उघडलं.

हा माझा शेवटचा अहवाल. मंत्रिमहोदयांच्या कानावर नाही घातलास तरी चालेल.

तुझं पत्र आल्यावर मी निघायचं ठरवलं. पण निघायचं कसं? मतदानाला आलो होतो तेव्हाचा माझा जुना, मोगादिशूचा पासपोर्ट आठवतो? मतदानाच्या दुसऱ्या दिवशी अंगणात तुझ्याच चुलीत घातला होता, गल्लीतली पोरं नाचत होती. इथं परतलो तो आपल्या पासपोर्टवर, आणि व्हिसा एका सुट्या कागदावर, कारण आपल्या पासपोर्टावर शिक्का मारायला कुणी तयार नव्हतं. आता विमान कंपनी म्हणते, या पासपोर्टावर आम्ही बसवणार नाही. तीन ठिकाणी विचारलं. शेवटी मुरसलच म्हणाला, "एकच वाट आहे. तुला आवडणार नाही."

तो मला घेऊन मोगादिशूच्या वकिलातीत गेला. इतकी वर्षं मी त्या इमारतीसमोरून जायचा रस्ता टाळत होतो. आत एक मुलगी होती, आपल्या इफ्राहच्या वयाची, फार गोड. तिनं घरी परतायचा तात्पुरता दाखला करायला घेतला. "काका, जन्मगाव?" म्हटलं, हर्गेसा. "देश?"

मी मुरसलकडे बघितलं.

"काका, देश?"

मुरसल मागून म्हणाला, "थोडं थांब पोरी. म्हाताऱ्याला वेळ लागेल." तिला समजलं. तिनं कागद माझ्याकडे फिरवला आणि पेन पुढं केलं. "तुम्हीच लिहा काका, मी बघत नाही." आणि खरंच खिडकीबाहेर बघत राहिली.

मी लिहिलं. त्यांना हवा होता तोच शब्द लिहिला आणि खाली सही केली. मास्तराचं अक्षर, सुवाच्य आलं. माझ्या देशात परत जायला मला आधी तो देश नाही असं लिहून द्यावं लागलं. तुझे भाऊ मला माफ करोत. ते करतील असं मला वाटत नाही.

बाहेर आल्यावर वाटलं, आता मुरसल चिडवणार. तो नुसता पुढं चालू लागला. चहाच्या दुकानात बसलो, तेव्हा म्हणाला, "इतकी वर्षं तुझ्याशी भांडलो. आज जिंकलो, तर चहा कडू लागतोय." काल अठरा मे होता, दक्षिणेपासून आपण वेगळे झालो तो दिवस. दरवर्षी मी एकटाच खोलीत झेंडा लावून बसायचो. काल मी लावला नाही. संध्याकाळी दुकान बंद करून मुरसल आत आला, पेटीतून त्यानंच काढला, खिळ्याला अडकवला, आणि जेवायला बसला.

पुढच्या आठवड्यात निघतोय. अदिस अबाबावरून येईन.

आणि हे शेवटचं. तुझ्या पत्रातला कुठलाही शब्द मागं घेऊ नकोस. शिवणयंत्र वरच्या खोलीतच राहू दे. मी थेट आपल्या घरी येत नाही. गब्लेला भावाकडे उतरतो. त्याच्या शेतावर हाताला काम आहे आणि गावच्या शाळेला भूगोलाचा मास्तर हवाय, असं तो म्हणत होता. नवरा आहे म्हणून दारात येऊन उभं राहण्याचा हक्क मी सांगत नाही. तो हक्क मी किती वर्षं न वापरता पडू दिला, हे मला कळतं. तुझा राग मात्र पाठवत जा, लागेल तेवढा. तो माझाच आहे.

तुला वाटलं तर निरोप धाड, मी येईन. नाही वाटलं तर तेही मला समजेल. पण मी गब्लेला आहे, एवढं तुला माहीत असू दे. आता तिथून कुठंही जायचं नाही मला.

इफ्राहच्या लेकीला सांग, आजोबांचा अंगठाही चावायला तयार आहे.

तू म्हणशील तर तुझा,
दीरिये